एकशे सात नंबरचा पाय

किलोमीटर ०

त्या सकाळी गाडीत अकरा पाय होते. दहा पूर्ण, एक अर्धवट. अर्धवट पायाची मांडी बसायची वाटी तयार होती, पाऊल तयार होतं, मधला गुडघा नव्हता. दहा पाय पोत्यांत बांधून मागे टाकले होते. अकरावा पायवालीने चादरीत गुंडाळून स्वतःच्या सीटमागे टेकवून ठेवला होता, आजारी पोर न्यावं तसा.

पायवाली हे काही तिचं नाव नाही. पण या रस्त्यावरच्या सतरा गावांत तिला तेच म्हणतात. तोंडावर बाई, पाठ वळली की पायवाली. शहरातल्या कारखान्यात ती पाय बनवते आणि वर्षातून दोनदा ते पोचवायला निघते. सीमेच्या पट्ट्यात दोन्ही बाजूंनी सुरुंग पुरले आहेत. पुरणारे कधीच विसरून गेले, त्यामुळे कारखान्याला कामाची ददात नाही. गाडी तिचा धाकटा दीर चालवतो. आधी नवरा चालवायचा. नवरा वारला, दीर आला. सीट तीच राहिली, फक्त चालवताना वाजणारी शिट्टी बदलली.

"वहिनी, अकरा पाय मागे, चार आपले. पंधरा पाय आहेत गाडीला, तरी चढावर दम लागतो."

"तोंड मिटून चालव. तेवढंच वजन कमी होईल."

दीर हसला आणि तीही हसली. या रस्त्यावर ती दोन वर्षांनी हसत होती. ते का, ते आत्ताच सांगून टाकलेलं बरं.

दोन वर्षांपूर्वी कारखान्याला परदेशातून पाच गुडघे भेट आले होते. साधा गुडघा ताठ असतो. बसताना कडी हाताने सोडायची, उठताना पुन्हा लावायची आणि चालताना अख्खा पाय बाहेरून फिरवून पुढे टाकायचा. हे पाच आपले आपण वाकायचे. भेट देणाऱ्यांचा नियम एकच होता: गुडघा ज्याला दिला त्याचा, तो मेला तरच दुसऱ्याला. यादीत पाचवं नाव किलोमीटर चौऱ्याहत्तरच्या एका म्हाताऱ्याचं होतं. सहावं पायवालीच्या सख्ख्या भाचीचं. कारखान्याचा साहेब म्हणाला होता, "तू ठरव, मी सही करतो." तिने म्हाताऱ्याला दिला. लोक नावं ठेवतील या भीतीने दिला, हे तिला आत कुठेतरी ठाऊक होतं. बाहेर ती त्याला न्याय म्हणायची. तिची बहीण त्याला काय म्हणायची ते कळलं नाही, कारण बहिणीने त्या दिवसापासून तिच्याशी बोलणंच टाकलं.

आता भाचीला नोकरी मिळत होती. रस्त्याच्या शेवटी सीमेचा नाका आहे, तिथे दुभाषी म्हणून. पोरीला चार भाषा येतात, चारही तिखट. अडचण एकच होती. दुभाष्याची खोली वर आहे आणि वर जायला बावीस पायऱ्यांचा लोखंडी जिना, जेमतेम खांद्याएवढा रुंद. ताठ पाय बाहेरून फिरवायला तिथे जागाच नाही. सोमवारी हजर व्हायचं, जिना आपल्या पायांनी चढून दाखवायचा. नाही चढली तर जागा दुसऱ्याला.

आणि आठ दिवसांपूर्वी म्हाताऱ्याच्या थोरल्या मुलाचा दिराला फोन आला. बाप गेला, पाय घेऊन जा.

कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ.


किलोमीटर ० च्याही आधी: कारखान्यात भरलेला फॉर्म

बिल्ला क्रमांक: १०७.
लाभार्थी: मयत.
मृत्यूची तारीख: बावीस.
मृत्यू कोणी कळवला: थोरला मुलगा, फोनवरून.
प्रत्यक्ष खात्री केली का: हो.
मोकळा झालेला गुडघा कोणास: बिल्ला क्रमांक १३१.
देणाऱ्याचे घेणाऱ्याशी नाते: ही ओळ फॉर्मवर नाही. असायला हवी, असं दोन वर्षांपूर्वी पायवालीनेच साहेबाला सुचवलं होतं.


किलोमीटर ३१

हा रस्ता सीमेच्या अंगाअंगाने जातो. कधी सीमा डावीकडच्या ओढ्यात असते, कधी उजवीकडच्या टेकडीवर, एका गावात तर ती कोंबड्यांच्या खुराड्यातून गेली आहे. दर वीस-पंचवीस किलोमीटरला माणसं बदलतात. भाषा बदलते, देव बदलतात, डोक्याला गुंडाळायचं बदलतं, पाहुण्याला आधी पाणी विचारायचं की आधी नाव, तेही बदलतं. पायवालीच्या यातलं काही लक्षात राहत नाही. तिच्या लक्षात राहतं, लोक बसतात कसे. टेकडीवरचे उकिडवे बसतात, त्यांच्या रबरी पावलाचा चवडा झिजतो. ओढ्याकाठचे मांडी घालतात, त्यांच्या वाटीची आतली कड जाते. पठारावर सरकारने कुठून कुठून आणून वसवलेली माणसं खुर्चीवर बसतात, त्यांची टाच जाते. माणूस कुठला ते शिपाई कागद बघून ठरवतात. ती तळवा बघून ठरवते, आणि तिचं सहसा चुकत नाही.

बोलण्याचं म्हणाल तर बाजारातली एक तोडकीमोडकी भाषा सगळ्यांनाच येते. दिराला बाकीच्याही येतात. "पाच भाषांत जेवायला मागू शकतो," तो म्हणतो, "आणि सहा भाषांत मार खाऊ शकतो."

इथे एका विणकर बाईचा पाय द्यायचा होता. गेल्या फेरीला दुरुस्तीसाठी नेला होता. पाय नेला की पायवाली त्या नंबरचा पत्र्याचा बिल्ला देते. वस्तू हातात पडली की बिल्ला परत, बिल्ला परत आला की हिशेब मिटला. विणकर बाईने गळ्यातल्या दोऱ्याचा बिल्ला काढून दिला आणि पायाचं पाऊल छातीशी धरून ती हुंदके देत रडली.

"अहो, तुमचाच आहे," दीर म्हणाला. "आम्ही काही लेक सासरहून आणलेली नाही."

ती रडता रडता हसली आणि तिने त्याला एक गुद्दा घातला. पायवालीने बिल्ला डब्यात टाकला. पत्र्याचा पत्र्यावर आवाज झाला.


किलोमीटर ५२

इथे काही झालं नाही. तीन पाय दिले. टेकडीच्या वळणावर फोनने आपलं घड्याळ आपणच अर्धा तास पुढे केलं, कारण त्याला वाटलं आपण पलीकडे गेलो. खाली उतरल्यावर त्याने ते मागे घेतलं.

"अर्धा तास जगलो आणि परत दिला," दीर म्हणाला.


किलोमीटर ७४

ठेंगणं दगडी घर, वर पत्रा. दारात फुटलेली धान्याची कणगी, तारेने आवळून उभी केलेली. थोरला मुलगा अंगणात लाकडं फोडत होता. गाडी पाहून त्याने कुऱ्हाड खाली ठेवली.

"आलात? बरं झालं."

"वाईट झालं हो," पायवाली म्हणाली. चेहरा तिने वळणावरच तयार ठेवला होता. "वय झालं होतं, तरी बाप तो बापच."

तेवढ्यात घरातून खोकला आला. आणि मागोमाग आवाज.

"कोण आलंय रे?"

दिराने मुलाकडे पाहिलं.

"हा कोण?"

"बाप."

"बाप गेला म्हणालास ना?"

"आमच्या लेखी गेला," मुलगा म्हणाला. आवाज चढवला नाही की डोळे चोरले नाहीत. "बसा. सांगतो."

त्याने सांगितलं ते असं. म्हाताऱ्याचा भाऊ पलीकडे राहतो. दोघांत एका अक्रोडाच्या झाडावरून भांडण आहे. झाड कुणाचं, यावरून. सीमा आखली तेव्हा घर इकडे राहिलं, झाड तिकडे गेलं. चाळीस वर्षं ते भांडण निरोपांवर चाललं, कारण म्हाताऱ्याला कुबडीवर तेवढं अंतर जमत नव्हतं. मग वाकणारा गुडघा आला आणि कुबडी चुलीत गेली. आता तो दर गुरुवारी शेतांतून पलीकडे जातो, झाडाखाली उभा राहून भावाला तासभर शिव्या घालतो, भाऊ त्याला घालतो, आणि संध्याकाळी तो खुशीत परत येतो. परवाना काढून जा म्हटलं तर जात नाही. म्हणतो, माझ्याच झाडाकडे जायला मी कुणाची परवानगी मागू?

"भांडण तोंडाने करायचं असतं, निरोपाने नाही, असं वर आम्हालाच ऐकवतो."

दिराला हसू फुटलं. मग धाकटा मुलगा दाराशी आला आणि त्याचं हसू विरलं. धाकट्याच्या उजव्या हाताची दोन बोटं तळव्याकडे वळलेली होती, आणि तशीच राहणार होती.

"शिपाई सुरुंगांच्या शेतात उतरत नाहीत, त्याला पकडू शकत नाहीत," थोरला म्हणाला, "म्हणून घरी येतात. कणगी त्यांनी फोडली. याला तीन दिवस नेलं होतं. पुढच्या खेपेला माझ्या पोरींना नेऊ म्हणालेत. बाई, एक तर तो चालेल, नाहीतर आम्ही जगू. तुम्ही दिलात, तुम्हीच न्या."

पायवालीला गाडीकडे परत जाता आलं असतं. पाच पावलं होती. तिने नाही म्हणायला तोंड उघडलं, आणि त्यातून निघालं, "त्यांना सांगितलंय का?"

"तुम्ही सांगा. तुमचं ऐकेल."

आत बाजेवर म्हातारा बसला होता. पाय अंगावर होता, पट्टे आवळलेले, दोन्ही बूट चकचकीत पुसलेले. तिला पाहून त्याने दोन्ही हात पसरले.

"पायवाली! अगं, तुझीच वाट बघत होतो. हा बघ, कुरकुरतोय." त्याने बसल्या बसल्या पाय पुढेमागे केला. गुडघा खरंच कुरकुरला. "परवा पलीकडच्या चिखलात रुतलो. काहीतरी आत गेलंय."

तिने वाकून गुडघा हाताने फिरवला. कुरकुर दोन थेंब तेलाची होती. तेलाची बाटली तिच्या खिशात होती.

"न्यावा लागेल," ती म्हणाली.

"किती दिवस?"

"चार. बुधवारी परत येते तेव्हा देते."

"गुरुवारच्या आत?"

"गुरुवारच्या आत."

म्हाताऱ्याने मग दारातल्या मुलांकडे पाहिलं. "बघा. माणूस कसं असावं ते बघा. स्वतःच्या भाचीला न देता हिने मला दिला. अख्ख्या रस्त्याला माहीत आहे." आणि त्याने पट्टे स्वतःच सोडले, पाय दोन्ही हातांनी उचलला, पुसलेला बूट पुन्हा एकदा बाहीने पुसला, आणि तो तिच्या हातात दिला.

"बिल्ला?" त्याने हात पुढे केला.

डब्यातून तिने एकशे सात नंबर काढून त्याच्या तळव्यावर ठेवला.

"सांभाळा हं," ती म्हणाली. सवयीने म्हणाली. प्रत्येकाला तेच म्हणते.


किलोमीटर ७४ (कारखान्यात सांगायचं ते)

घरच्यांनी पाय बाहेर आणून दिला. चांगली माणसं आहेत.


किलोमीटर ९६

रस्त्याकडेला नळ होता. तिने गाडी थांबवायला लावली, पोतं अंथरलं, पाय त्यावर आडवा केला.

"मला काय माहीत, वहिनी?" दीर तिसऱ्यांदा म्हणाला. "पोरगा म्हणाला बाप गेला. बाप गेला म्हटल्यावर उलटून विचारतात का, नक्की गेला का म्हणून?"

"तुला कुणी काही म्हटलंय का?"

"नाही. पण मी काही पाहिलेलं नाही, एवढं लक्षात ठेवा."

"पाहिलं नसशील तर पाना धर."

चार स्क्रू होते. दोन वाटीकडून, दोन पोटरीच्या नळीकडून. गुडघा सुटून तिच्या ओंजळीत आला, मुठीएवढा, जड. तिने तो नळाखाली धरला, काडीने खाचा कोरल्या, फडक्याने पुसला, मग खिशातली बाटली काढून दोन थेंब तेल सोडलं. कुरकुर थांबली.

म्हाताऱ्याची वाटी आणि बूट घातलेलं पाऊल तिने पोत्यात घातलं. गुडघा भाचीच्या पायात बसवला. दीर टायर तपासत राहिला. टायरना काही झालेलं नव्हतं.


किलोमीटर १६८

बहिणीने दार उघडलं. दोन वर्षांनी पहिला शब्द बोलली.

"उशीर केलास."

"रस्ता खराब होता."

"रस्त्याचं नाही म्हणत मी."

खोली तीच होती. एक खाट, एक कपाट, भिंतीवर भाचीच्या हाताला येतील एवढ्या उंचीवर ओळीने ठोकलेले खुंटे, धरून चालायला. खुंट्यांखालचा रंग उडून गेला होता. भाची खाटेवर बसून रेडिओवर पलीकडच्या बातम्या ऐकत होती आणि बातमी देणाऱ्या बाईच्या मागोमाग तेच वाक्य दुसऱ्या भाषेत बोलत होती, न अडखळता.

"आलीस, मावशी? न्यायदेवता गाडीने येते हे माहीत नव्हतं मला."

"जीभ दाखवू नकोस, मांडी दाखव."

वाटी बसली. पट्टे बसले. भाची खुंटे धरून उभी राहिली, मग तिने एक हात सोडला, मग दुसरा. बहीण चुलीकडे तोंड करून उभी होती. तिचे खांदे हलायला लागले, पण ती वळली नाही.

"वाकवून बघ," पायवाली म्हणाली.

भाचीने पाय उचलला. गुडघा आपला आपण वाकला, जराही आवाज न करता. आणि त्याच्या सांध्यातून चिखलाची एक बारीक वळी बाहेर आली आणि नळीवरून खाली ओघळली. ओली, काळी, गवताचं एक हिरवं पातं अडकलेली.

भाचीने ती बोटावर घेतली. वास घेतला.

"कधी गेला गं तो म्हातारा?"

"बावीसला."

"दहा दिवस झाले. मग त्याच्या गुडघ्यात ओला चिखल आणि हिरवं गवत कसं गं, मावशी?"

रेडिओवर बातमीदार बाई हवामान सांगत होती. बहीण आता वळली. तिने मुलीच्या बोटाकडे पाहिलं, मग थोरल्या बहिणीकडे पाहिलं, आणि कपाटावरचं फडकं घेऊन पुढे केलं.

"पुस ते," ती म्हणाली. कुणाला म्हणाली, कळलं नाही.

"जिवंत आहे ना तो?" भाचीने विचारलं.

"रजिस्टरमध्ये नाही."

भाचीने फडकं घेऊन नळी पुसली, बोट पुसलं, आणि फडकं घडी घालून आईच्या हातात परत दिलं.

"वरचा पट्टा सैल आहे," ती म्हणाली. "घट्ट बांध."


सोमवार (याला किलोमीटर नाही, बावीस पायऱ्या आहेत)

अधिकारी खाली घड्याळ घेऊन उभा होता. जणू वेळेची अट होती. नव्हती. पहिल्या पायरीवर भाचीने कठडा धरला. नवव्या पायरीवर ती थांबली आणि खालचे सगळे थांबले. मग तिने कठडा सोडला, आणि उरलेल्या तेरा पायऱ्या ती अशी चढली की अधिकाऱ्याने घड्याळ खिशात टाकलं.

वरून तिने खाली पाहिलं नाही. लांब पाहिलं, शेतांवर.

"मावशी," ती वरून म्हणाली, "इथून फार लांबचं दिसतं. कोण कुठे जातं, सगळं."

रात्री बहिणीने पायवालीला स्वतःच्या हाताने वाढलं. दोनदा वाढलं. ती जेवली.


किलोमीटर ८८ (परतीचा)

इथे फाटा आहे.

"वहिनी, वरच्या रस्त्याने गेलो तर सदतीस किलोमीटर जास्त. पण म्हातारा कमी."

"सरळ चल."

"कशाला? त्याचा चेहरा बघायला?"

"बिल्ला त्याच्याकडे आहे."

दिराला कळायला अर्धा किलोमीटर लागला. बिल्ला कारखान्याचा होता. तो घेऊन कुणी एक माणूस, एक निरोप, एक गवळी जरी शहरात पोचला, तरी साहेब विचारणार, मेलेल्याला दुरुस्तीचा बिल्ला कसा? मग गुडघा परत. मग तो जिना दुसऱ्याचा. भाची पुन्हा खुंटे धरून रंग उडवत बसणार.

"एवढा विचार तुम्ही कधी केलात?"

"तिने घट्ट बांध म्हटलं तेव्हा."


किलोमीटर ७४ (पुन्हा)

तो रस्त्याच्या कडेला एका खोक्यावर बसला होता. दाढी केलेली. डाव्या पायात बूट, उजवीकडे विजारीची घडी. घराच्या दारापासून खोक्यापर्यंत धुळीत एक रुंद पट्टा उमटला होता, आणि पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना तळहातांचे ठसे.

"आलीस! पोरांना म्हटलं मी, ती शब्दाची आहे. उद्या गुरुवार."

पायवाली उतरली. तिने रजिस्टर काढलं आणि ते गाडीच्या बोनेटवर उघडलं.

"बिल्ला दाखवा."

म्हाताऱ्याने गळ्यातला दोरा पुढे ओढून बिल्ला दाखवला. तिने ओळींवरून बोट फिरवलं, उगीच जास्त वेळ.

"एकशे सात. मयत."

"कोण?"

"तुम्ही. बावीस तारखेला."

म्हाताऱ्याने दिराकडे पाहिलं. दिराने टायरकडे पाहिलं.

"कुणी कळवलं?"

"तुमच्या थोरल्याने. फोन करून."

म्हाताऱ्याने वाकून डाव्या बुटावरची धूळ झटकली.

"रडला का?"

"फोनवर कळत नाही," दीर म्हणाला.

म्हातारा हसला. त्याला खरोखर हसू आलं होतं. "गाढव आहे. अगं, मी हा बसलोय. हात लावून बघ ना." त्याने दंड पुढे केला. तिने हात लावला नाही. दोन्ही हात रजिस्टरवर ठेवले.

"मयताला पाय देता येत नाही. नियम आहे."

"बरं, तो नको. ताठ दे. लाकडाचा दे, काहीही दे. मी बाहेरून फिरवून टाकेन."

"नाव नसलेल्याला काहीच देता येत नाही."

"मग नाव घाल."

"त्याला जिवंत असल्याचा दाखला लागतो. घरच्यांच्या सहीचा."

म्हाताऱ्याने घराकडे वळून पाहिलं. दार अर्धं उघडं होतं. त्याने थोरल्याला हाक मारली. मग धाकट्याला. दार सावकाश लागलं, आणि आतून कडी लागल्याचा आवाज रस्त्यापर्यंत ऐकू आला.

आता तो हसत नव्हता.

"मी हा बिल्ला घेऊन कारखान्यात जातो. तुझ्या साहेबाला दाखवतो."

"कसे जाणार?" पायवाली म्हणाली.

तिला टोमणा मारायचा नव्हता. तोंडातून बाहेर पडला तो मात्र टोमणाच होता, आणि तो परत घ्यायला ती थांबली नाही.

म्हाताऱ्याने बिल्ला मुठीत धरला. त्याची नजर गाडीच्या मागच्या उघड्या दारातून आत गेली. पोतं कलंडलं होतं आणि त्यातून बुटाचा पुढचा भाग बाहेर आला होता. पुसलेला. चार दिवसांची धूळ बसलेला, तरी ओळखू येणारा.

गुडघा कुठे गेला, हे त्याने विचारलं नाही. अख्ख्या रस्त्याला माहीत होतं, तिला भाची आहे.

"तो बूट माझा आहे," तो म्हणाला. "तो काही परदेशातून आलेला नाही. माझ्या घरचा आहे."

पायवाली मागे गेली. तिने पोत्यात हात घालून पावलावरचा बूट सोडवला. नाडी गाठ मारून बांधलेली होती, म्हाताऱ्याच्या हातची, दुहेरी. ती सोडायला वेळ लागला. बूट घेऊन ती त्याच्यासमोर आली, आणि त्याने हात पुढे केला तेव्हा तिने बूट मागे घेतला.

"बिल्ला."

"काय?"

"वस्तू दिली की बिल्ला परत. तुम्हाला माहीत आहे."

"बुटासाठी?"

"तुमची वस्तू आहे ना? मग."

दीर म्हणाला, "वहिनी." एवढंच. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही.

म्हाताऱ्याने दोरा मानेवरून काढला. डोक्याला अडकला, तो सोडवला. बिल्ला एकदा उलटा करून पाहिला, जणू मागच्या बाजूला आणखी काही लिहिलेलं असेल. मग तिच्या हातावर ठेवला. तिने बूट दिला आणि बिल्ला डब्यात टाकला.

गाडी सुरू झाली तेव्हा त्याने बूट खाली ठेवला होता. डाव्या बुटाच्या शेजारी, चवड्याला चवडा लावून, अगदी सरळ. दोन्ही बुटांची टोकं पलीकडे होती, झाडाकडे.


किलोमीटर ७३

गाडीत नुसता इंजिनाचा आवाज होता.

"शिट्टी वाजव," ती म्हणाली.

त्याने ओठ जुळवले. नुसती हवा आली.

"वाजव."